जुळी कोकरं, दुधाची फॅट आणि मोठ्या परिणामाची जनुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध, वजन, उंची, वेताला होणारी पिल्लं हे गुणधर्म मोजायचे असतात, 'आहे की नाही' असे नसतात. त्यांच्यावर शेकडो-हजारो जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो. पण मधूनच एखादं जनुक असं सापडतं की ते एकटंच आकडे हलवून टाकतं. अशा जनुकांबद्दल पशुपालक, शेतकी पदवीचे विद्यार्थी आणि नुसतेच जिज्ञासू वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं. मुख्य उदाहरण मेंढीचं घेतलं आहे. ते जगभर गाजलेलं आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय सातारा जिल्ह्यातल्या फलटणला लिहिला गेला.

संख्यात्मक गुणधर्म म्हणजे नेमकं काय?

ज्याचं उत्तर आकड्यात येतं तो. मेंडेलच्या वाटाण्यात झाड उंच तरी होतं नाहीतर बुटकं तरी. माणसांची उंची मात्र अशी दोन खणांत बसत नाही, ती सलग पसरलेली असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावरून मोठा वाद होता. मेंडेलचे नियम अशा सलग गुणधर्मांना लागू होतात का, हा तो वाद. १९१८ साली रोनाल्ड फिशर यांनी गणिताने दाखवून दिलं की मेंडेलच्याच नियमांनी चालणारी पुष्कळ जनुकं एकत्र आली आणि वर खाण्यापिण्याचा, हवामानाचा फरक मिसळला, की सलग पसरलेला आलेख आपोआप तयार होतो.

मग 'मोठ्या परिणामाचं' जनुक कुणाला म्हणायचं?

ठाम सीमारेषा नाही. रूढ अर्थ असा: एखाद्या जागी जनुकाच्या दोन आवृत्त्या असतील आणि त्या दोहोंच्या धारकांच्या सरासरीतला फरक त्या गुणधर्माच्या प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाच्या) तुलनेत भरघोस असेल, तर ते मोठ्या परिणामाचं. संशोधक त्याला मेजर जीन म्हणतात. एक प्रमाण विचलन किंवा त्याहून जास्त फरक असेल तर कुणी फारसा वाद घालत नाही.

इथेच एक गोष्ट बजावून सांगतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. जनुकाच्या एका प्रतीने (प्रत्येक जनावरात दोन असतात, एक आईकडून, एक बापाकडून) किती फरक पडतो हा एक प्रश्न. कळपात दिसणाऱ्या फरकांपैकी किती वाटा त्या जनुकाचा, हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर 'प्रचंड' आणि दुसऱ्याचं 'शून्य' असं एकाच वेळी असू शकतं. बातम्यांत आणि, खरं सांगायचं तर, बऱ्याच प्रबंधांतही या दोहोंची सर्रास गल्लत होते.

मेंढीचं ते जनुक कोणतं?

त्याचं नाव फेक-बी, म्हणजे बुरूला जनुक. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ 'बुरूला' नावाचा मळा होता. तिथल्या सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या एका वेताला तीन-तीन, चार-चार कोकरं द्यायच्या. मेरिनो सहसा एकच देते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने त्या कळपातली जनावरं मिळवली आणि हेलन न्यूटन टर्नर यांनी त्यांच्यावर काम सुरू केलं. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की ही पुष्कळ छोट्या जनुकांची, वर्षानुवर्षांच्या निवडीने साचलेली करामत आहे.

१९८०च्या आसपास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी नोंदी नीट चाळल्या तेव्हा चित्र पालटलं. माजाच्या वेळी मेंढीच्या अंडाशयातून किती स्त्रीबीजं सुटतात हे मोजलं, तर मेंढ्यांचे तीन गट पडत होते: एक-दोन बीजांच्या, तीन-चारच्या आणि पाच किंवा जास्तच्या. संकराच्या पुढच्या पिढ्यांत हे गट मेंडेलच्या प्रमाणात फुटत होते. म्हणजे मुख्य सूत्रधार एकच जनुक. पहिली प्रत आली की साधारण दीड बीज जास्त, दोन्ही आल्या की साधारण तीन.

२००१ साली तीन वेगवेगळ्या संशोधकगटांनी जवळपास एकाच वेळी तो बदल शोधून काढला. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर बीएमपीआर१बी नावाचं जनुक आहे. त्यात एका अक्षराचा फरक झाला आहे आणि त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत २४९व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन बसतं. बस्स, एवढंच. हे प्रथिन अंडाशयातल्या पुटकांना (ज्यांत बीज वाढतं त्या पिशव्यांना) येणारे संकेत झेलतं. त्याचा कारभार जरा मंदावला की पुटकं लहान असतानाच पक्व होतात, आणि एकाऐवजी कितीतरी एकदम बीज सोडायला तयार होतात.

याचा महाराष्ट्राशी संबंध काय?

दोन धागे आहेत. १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला बंगाली मेंढ्या जहाजाने गेल्या होत्या, आणि त्या जास्त पिल्लं देणाऱ्या होत्या अशी नोंद आहे. बुरूलाचा वारसा तिथून आला असावा, असा तर्क टर्नर यांनी मांडला होता. सुंदरबनातली गारोळ ही चिमुकली मेंढी त्याच बंगाली मेंढ्यांच्या कुळातली. २००२ साली गारोळची तपासणी झाली आणि तिच्यात हुबेहूब तोच बदल सापडला. ऑस्ट्रेलियाचं म्हणून जगभर मिरवलेलं जनुक मुळात गंगेच्या मुखाकडचं निघालं!

दुसरा धागा फलटणचा. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. संस्थेच्या पशुसंवर्धन विभागात डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात गारोळ मेंढे आणून दख्खनी मेंढ्यांशी, विशेषतः तिच्या लोणंद प्रकाराशी, संकर सुरू केला. ऑस्ट्रेलियन संशोधक आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या कामात बरोबर होत्या. त्यातून पुढे 'नारी सुवर्णा' हा वाण उभा राहिला.

थेट गारोळच का पाळू नये? ती तर आयती जुळी देते.

कारण ती फार लहान असते. दख्खनीच्या तुलनेत निम्म्या वजनाची म्हटली तरी चालेल, आणि बाजारात कोकरू वजनावर विकलं जातं. शिवाय दख्खनी मेंढी इथल्या माळरानाला, उन्हाला आणि मैलोन्मैल चालण्याला सरावलेली आहे. हवं होतं ते गारोळचं फक्त एक जनुक.

मोठ्या परिणामाच्या जनुकाचा खरा फायदा इथे कळतो. संकराची पहिली पिढी निम्मी गारोळ असते. तिला पुन्हा दख्खनी मेंढ्याने फळवलं की गारोळचा अंश सरासरी २५ टक्क्यांवर येतो, मग १२.५, मग ६.२५. प्रत्येक पिढीत फेक-बी असलेलीच कोकरं ठेवायची. चार-पाच पिढ्यांत अंगलोट दख्खनीची आणि ते एक जनुक तेवढं गारोळचं, असा कळप तयार होतो. हाच गुणधर्म हजार छोट्या जनुकांवर विसंबून असता तर प्रत्येक संकरात गारोळचा अंश घटला की जुळ्यांचं प्रमाणही घटलं असतं. नुसती निवड करत बसणं हा दुसरा पर्याय होता, पण तो अतिशय धिमा. मेंढीच्या वेतातल्या कोकरांच्या संख्येची आनुवंशिकता साधारण ०.१ धरतात, म्हणजे दिसणाऱ्या फरकांपैकी दहावा हिस्सा पुढे पोचण्याजोगा.

एक प्रत असलेली मेंढी दर वेळी जुळीच देते का?

नाही. ही तक्रार नेहमी येते: 'जनुक आहे म्हणालात, आणि हिला तर एकच झालं.' जनुक सुटणाऱ्या बीजांची सरासरी वाढवतं. त्यांतली किती फळतात, किती गर्भ टिकतात, हे मेंढीच्या वयावर, अंगावरच्या मांसावर आणि फळवायच्या दिवसांतल्या चाऱ्यावर ठरतं. बुरूला मेरिनोत पहिल्या प्रतीने वेताला साधारण एक कोकरू वाढतं आणि दोन्ही प्रती मिळून साधारण दीड. दख्खनीच्या पार्श्वभूमीवर, आपल्याकडच्या चराईवर, एका प्रतीने होणारी वाढ सरासरी अर्ध्या कोकराच्या आसपास राहिली. अर्धं कोकरू कुणाला होत नाही. शंभर मेंढ्यांमागे पन्नासेक कोकरं जास्त, असा तो हिशेब आहे, आणि कुठल्या मेंढीला जुळं होईल हे तो सांगत नाही.

एकच जनुक, मग परिणाम जागोजागी वेगळा कसा?

कारण ते एकटं काम करत नाही. बुरूलात दोन प्रतींच्या मेंढीला पाच किंवा जास्त बीजं सुटतात. गारोळ त्याच दोन प्रती बाळगून साधारणपणे जुळी आणि कधीमधी तिळी देते. बदल तोच, अक्षर तेच, पण भोवतालची बाकीची जनुकं आणि शरीराचा आकार निराळा. म्हणून एका जातीत मोजलेला परिणाम दुसरीत जसाच्या तसा उतरेल असं गृहीत धरू नये, तो तिथे नव्याने मोजावा लागतो.

जनुकाचा कळपातल्या फरकांत वाटा कसा मोजतात? गणित सोपं करून सांगा.

सोपं आहे, कागद-पेन्सिल घ्या. हव्या असलेल्या आवृत्तीचं कळपातलं प्रमाण प, दुसरीचं फ (म्हणजे १ वजा प), आणि प्रत्येक प्रतीमागे होणारी वाढ व. वाढ प्रतीगणिक सारखी असेल तर त्या जनुकामुळे येणारं प्रचरण (फरकांचं माप, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) म्हणजे २ × प × फ × व².

बीजांच्या संख्येसाठी व = १.५ घेऊ. बाकीच्या सगळ्या कारणांनी येणारं प्रचरण ०.५ आहे असं केवळ उदाहरणापुरतं धरू.

प्रमाण निम्मं (०.५) असेल तर जनुकाचं प्रचरण १.१२५ येतं. एकूण १.६२५ पैकी ते ६९ टक्के झालं. प्रमाण ०.०५ असेल तर ०.२१ येतं, वाटा ३० टक्के. प्रमाण ०.०१ असेल तर वाटा जेमतेम ८ टक्के. आणि कळपातल्या प्रत्येक मेंढीकडे दोन्ही प्रती असतील तर प = १, फ = ०, वाटा शून्य.

व मात्र चारही ठिकाणी तोच होता. जनुकाची ताकद तसूभर कमी झाली नाही, फक्त फरक करायला समोर कुणी उरलं नाही. गारोळ मेंढ्यांच्या कळपात ही आवृत्ती जवळपास सगळ्यांकडे असते. त्यामुळे एका गारोळला जुळं आणि शेजारच्या गारोळला एकच का झालं, याचं उत्तर फेक-बीकडे बहुधा नसतं. गारोळ जास्त का देते आणि दख्खनी कमी का, याचं उत्तर मात्र बरंचसं तिथेच आहे.

देशी गायीच्या दुधाला फॅट जास्त लागते तीही अशाच जनुकामुळे का?

अंशतः, आणि वरच्या गणिताचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. गायीच्या चौदाव्या गुणसूत्रावर डीजीएटी१ नावाचं जनुक आहे. प्रथिनातल्या २३२व्या जागी लायसिन असेल तर दुधातली फॅट चांगलीच वाढते, अ‍ॅलानिन असेल तर फॅट उतरते आणि दूध वाढतं. हे २००२ साली सिद्ध झालं. होल्स्टीन-फ्रिजियनमध्ये (एचएफ) दोन्ही आवृत्त्या सापडतात, म्हणून तिथे फॅटमधल्या फरकांचा मोठा हिस्सा हे एकटं जनुक उचलतं.

आपल्या देशी गायींत आणि म्हशींत मात्र जवळपास सगळीकडे लायसिनचीच आवृत्ती आहे. त्यामुळे निव्वळ गीर किंवा खिल्लार गायींत या जनुकाची चाचणी करून जास्त फॅटची गाय निवडू म्हणणं म्हणजे पैसे पाण्यात. सगळ्यांचं उत्तर एकच येणार. एचएफ संकरित गायींच्या गोठ्यात ती चाचणी काहीतरी सांगू शकते, कारण तिथे दोन्ही आवृत्त्या फिरत असतात. डेअरीत दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन भागावर) ठरतो, तेव्हा हा भेद पुस्तकी नाही.

पिकांत अशी उदाहरणं आहेत का?

भरपूर, आणि हरितक्रांती त्यांच्यावरच उभी राहिली. १९६६ साली आलेल्या आयआर८ भातातलं एसडी१ हे बुटकेपणाचं जनुक आणि जपानच्या नोरिन १० गव्हातून नॉर्मन बोरलॉग यांच्या वाणांत आलेली आरएचटी जनुकं. खत वाढवलं की जुने उंच वाण आडवे पडायचे, हे बुटके वाण उभे राहिले.

दोन्हींचा संबंध जिबरेलिनशी, म्हणजे द्राक्षबागायतदार ज्याला नुसतं 'जीए' म्हणतात त्याच्याशी आहे. पण बिघाड वेगळा. एसडी१ भातात ते पुरेसं तयारच होत नाही, बाहेरून फवारलं तर रोप उंच होतं. आरएचटी गव्हात ते असतं, पण रोप त्याला दाद देत नाही, कितीही फवारा. आज बहुतेक सुधारित वाणांत बुटकेपणाची आवृत्ती पक्की झालेली असल्याने त्या वाणांच्या आपापसातल्या उंचीच्या फरकाचं श्रेय पुन्हा छोट्या जनुकांकडे गेलं आहे.

अशी जनुकं शोधतात कशी?

जुनी खूण म्हणजे आलेखाला दोन कुबडं येणं. पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. दोन सारख्या आकाराचे गट मिसळले तर त्यांच्या सरासऱ्यांत दोन प्रमाण विचलनांपेक्षा जास्त अंतर असल्याशिवाय दुसरं कुबड दिसतच नाही. म्हणजे एक प्रमाण विचलनाचं दणदणीत जनुकसुद्धा गुळगुळीत आलेखाखाली बिनबोभाट लपतं.

दुसरा मार्ग खुणेच्या जनुकांचा. १९२३ साली कार्ल सॅक्स यांना घेवड्यात दिसलं की बियांच्या रंगाचं जनुक ज्या बाजूने जातं त्या बाजूने बियांचं वजनही जातं. म्हणजे वजनावर परिणाम करणारं काहीतरी त्याच गुणसूत्रावर जवळपास होतं. आज रंगाऐवजी डीएनएवरच्या हजारो-लाखो खुणा वापरतात, तत्त्व तेच.

'अमुक गुणधर्माचं जनुक सापडलं' अशा बातम्यांवर किती विश्वास ठेवावा?

किती जनावरांवर काम झालं ते आधी पाहा. छोट्या प्रयोगात जे जनुक योगायोगाने जास्त प्रभावी दिसलं तेच तेवढं चाळणीतून वर येतं, त्यामुळे छापून आलेला आकडा फुगलेला असतो. विल्यम बीव्हिस यांनी १९९०च्या दशकात हे दाखवलं आणि या दोषाला त्यांचंच नाव पडलं. शंभरेक जनावरांवरून 'वीस टक्के फरक या जनुकाचा' असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या कळपात तपासणी होईपर्यंत थांबावं. फेक-बी टिकलं ते जातीमागून जातीत, देशामागून देशात पुन्हा सापडलं म्हणून.

माणसाच्या उंचीचं असं एखादं जनुक आहे का?

सर्वसामान्य फरकांपुरतं पाहिलं तर नाही. २०२२ साली ५० लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून उंचीशी निगडित १२,१११ जागा नोंदल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्यांचा परिणाम नगण्य. एफजीएफआर३ या जनुकातल्या एका बदलाने मात्र अकॉन्ड्रोप्लेजिया होतो आणि उंची खूपच कमी राहते. परिणाम प्रचंड, पण इतका दुर्मीळ की समाजातल्या उंचीच्या फरकांत त्याचा वाटा जवळजवळ शून्य.

इतकं फायद्याचं जनुक निसर्गाने सगळीकडे का पसरवलं नाही?

कारण फायदा आपला आहे, मेंढीचा असेलच असं नाही. दुष्काळी माळावर तिळी झाली तर बहुधा एकही नीट वाढत नाही, आणि आईही खंगते. मोठा परिणाम मोठी किंमतही मागतो. बेल्जियन ब्लू गायीत मायोस्टॅटिन जनुक निकामी झाल्याने मांस बरंच जास्त भरतं, पण वासरं बहुतेक वेळा पोट फाडून काढावी लागतात. मेंढ्यांतलं इन्व्हरडेल जनुक तर आणखी चमत्कारिक आहे. ते एक्स गुणसूत्रावर असतं. एक प्रत असेल तर साधारण एक बीज जास्त सुटतं, दोन असतील तर मेंढी कायमची वांझ.

नारी सुवर्णा हे जनुकीय बदल केलेलं, म्हणजे जीएम जनावर झालं का?

नाही. मेंढा लावूनच केलेला संकर आहे. प्रयोगशाळेचं काम फक्त कोणत्या कोकरात जनुक उतरलं ते ओळखण्यापुरतं.

मेंढा बघून ओळखता येत नाही का?

नाही, कारण गुणधर्म मादीत दिसतो. मेंढ्याचं शिंग, उंची, माज यावरून काही कळत नाही. डीएनए चाचणीआधी त्याच्या मुली मोठ्या होऊन वितेपर्यंत वाट पाहावी लागायची, तोवर मेंढा म्हातारा. आता रक्ताच्या थेंबावर काम होतं. जुळ्यातला मेंढा म्हणून तो धारक असेलच, हा समज चुकीचा आहे. एका प्रतीच्या आईकडून ते मिळण्याची शक्यता निम्मीच.

कळपात एक प्रत चांगली की दोन?

बंदिस्त पालन असेल, खुराक आणि पाजायला हाताशी माणूस असेल तर दोन प्रतींच्या मेंढ्याही सांभाळता येतील. दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरासाठी माझं मत स्पष्ट आहे: एकच. वाटेत झालेली कोकरं घोड्यावर घालून न्यावी लागतात, तिथे तिळी-चौळी म्हणजे आईला दूध पुरत नाही आणि घरच्या बाईचं काम तिप्पट होतं.

एकच प्रत राखायला मेंढा कोणता ठेवायचा, हे कळप कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं. मेंढ्या बिनजनुकाच्या असतील तर दोन प्रतींचा मेंढा लावावा, सगळी कोकरं एका प्रतीची होतात. त्यांतल्या पाठी (मादी कोकरं) मोठ्या झाल्या की मेंढा बदलायचा. त्यांना एका प्रतीचा मेंढा लावला तर चौथा हिस्सा कोकरं दोन प्रतींची निघतात, चौथा हिस्सा बिनजनुकाची. बिनजनुकाचा लावला तर निम्मी एका प्रतीची, निम्मी रिकामी, आणि दोन प्रतींची एकही नाही. दोन प्रतींचाच मेंढा चालू ठेवला तर निम्म्या पाठी दोन प्रतींच्या होतील. दर दोन-तीन वर्षांनी मेंढा बदलायचाच असतो, त्या वेळी नव्या मेंढ्याची आणि ठेवायच्या पाठींची चाचणी एकदमच करून घ्यावी.